फर्मचं मत

गभणे साहेबांना एकदा माझ्यासमोर उलटी झाली. मी पाणी आणून दिलं. त्यांनी चूळ भरली, चष्मा पुसला, खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "शेवंताबाई, फर्मची तब्येत आज बरी नाही."

हा माणूस स्वतःला 'मी' म्हणत नाही. फर्मला भूक लागते, फर्मचं डोकं दुखतं, फर्मचा जोडा चावतो. एकदा मी चहात साखर टाकायची विसरले. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि सांगितलं, "फर्मचं मत असं आहे की यात साखर नाही."

मी म्हटलं, "फर्मले सांगा, डबा तिच्यासमोरच आहे."

त्यांनी उठून साखर घेतली. रागावले नाहीत. त्यांना राग येत नाही. फर्म नाराज होते, आणि तीही जेवणापर्यंतच.

फर्म म्हणजे जवाहरनगरच्या बाहेर, फॅक्टरीच्या बस थांब्यासमोरचं एक घर. खाली ऑफिस, वर साहेब राहतात. दारावर पाटी आहे, 'गभणे आणि गभणे, आर्किटेक्ट'. थांब्यावरच्या लोकांना वर्षानुवर्षं वाटत आलं आहे की पेंटरनं चुकून नाव दोनदा लिहिलं. एकानं तर आत येऊन सांगितलं, "साहेब, पेंटरले बोलवा. त्यानं तुमचं नाव डबल केलं." साहेब म्हणाले, "फर्मनं पाहिलं आहे." पाटी तशीच राहिली.

चूक पेंटरची नव्हती. दुसऱ्या गभणे म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्याही आर्किटेक्ट होत्या. मी कामाला लागायच्या आधीच्या हिवाळ्यात त्या आजारानं वारल्या. ऑफिसात टेबलं दोन आहेत. दुसऱ्या टेबलावर काही नसतं. मी ते रोज पुसते, कारण साहेब पाहतात की मी पुसलं की नाही.

ऑफिसात आणखी एक जण, निंबार्ते. ते कॉम्प्युटरवर नकाशे काढतात आणि उरलेल्या वेळात पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून आणतात. उरलेला वेळ बराच असतो.

फॅक्टरीच्या माणसांना सरकारी क्वार्टर मिळतात. ज्यांना छप्पर मिळालेलं आहे त्यांच्यासमोर घरं बांधून देण्याचं दुकान कोणत्या डोक्यानं टाकलं, असं मी साहेबांना पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, "शेवंताबाई, माणूस रिटायर झाला की क्वार्टर सोडावं लागतं. त्या दिवशी त्याला कळतं की आपल्याला घर नाही. फर्म त्या दिवसाची वाट पाहते."

वाट पाहता पाहता फर्मचे केस पांढरे झाले. माणसं रिटायर होतात, घरंही बांधतात. पण ठेकेदाराकडून बांधून घेतात. फर्मकडे येतात ते फक्त कर्जासाठी नकाशा काढून घ्यायला. त्यांना साहेब पोटाचे नकाशे म्हणतात.

माझंही सांगते. माझा नवरा फॅक्टरीत मजूर होता. तो रिटायर झाला, आम्ही रस्त्याच्या कडेला एक स्लॅबची खोली बांधली आणि तो दुसऱ्या वर्षी गेला. मुलगा पोटासाठी नागपूरला. मी चौथी पास आहे. पाचवीत घालायचं तर घरच्यांनी लग्नात घातलं. झाडझूड आणि चहा यासाठी मी गभणेंकडे गेले, तर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "अक्षर कसं आहे?"

मला वाटलं, झाडू मारायला अक्षर कायले लागते. पण त्यांनी खडू दिला आणि बाहेरच्या फळ्यावर माझं नाव लिहायला लावलं. मी लिहिलं. ते म्हणाले, "फर्मला पसंत आहे."

हा फळा थांब्याच्या अगदी समोर आहे. वर पक्क्या रंगानं लिहिलं आहे, 'हरित बांधकाम व स्वच्छ ऊर्जा: आजची बातमी'. त्याखाली रोज सकाळी एक बातमी लिहायची आणि बातमीखाली फर्मचं मत. साहेब मोबाइलवर जगभरचं वाचतात आणि सांगतात. मी लिहिते. ड्युटीवर जाणारी माणसं बसची वाट पाहत वाचतात, कारण थांब्यावर पाहण्यासारखं दुसरं काही नाही.

समुद्रात पवनचक्क्या उभ्या केल्या. कुठे शाळेच्या छतावर सोलर बसवलं आणि शाळेनंच वीज विकली. कुठे मातीचं चार मजली घर बांधलं. मी लिहीत जाते. अर्धं कळतं, अर्धं नाही. एकदा बातमी होती की एका देशानं कोळशावरचं आपलं शेवटचं वीजघर बंद केलं. फर्मचं मत होतं, 'अभिनंदन'. त्या दिवशी आमच्याकडे पहाटेपासून लाईन नव्हती. थांब्यावरचा एक जण मला म्हणाला, "आजी, बंद त्यायनं केलं अन् अंधार आपल्याकडे काहून?"

मी आत जाऊन साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "फर्मकडे याचं उत्तर नाही."

दुसऱ्या एका दिवशी बातमी बांबूची होती. कुठेतरी बांबूची एवढी मोठी इमारत बांधली की लोक पाहायला येतात. साहेबांनी मत सांगितलं, "आपल्याकडे नाकाडोंगरीपर्यंत जंगलात बांबू आहे, पण लोक बांबू विकत घेतात तो फक्त तिरडीसाठी. खेद आहे."

मी खडू खाली ठेवला. "सकाळी सकाळी ड्युटीवर निघालेल्या माणसाले तिरडी दाखवू? मी नाई लिहीत."

"शेवंताबाई, हे फर्मचं मत आहे."

"मग फर्मनं स्वतः येऊन लिहावं."

शेवटी तडजोड झाली. तिरडी गेली, खेद राहिला. दिवसभर फळ्यावर होतं, बांबूची सुंदर इमारत, आणि खाली, 'फर्मचं मत: खेद आहे'. लोक संध्याकाळपर्यंत विचारत होते, फर्मले कायचा खेद झाला म्हणून.

आता गालाचं सांगते. साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी पश्चिमेची भिंत शोधतात आणि तिला गाल लावून उभे राहतात. हात लावत नाहीत, गाल लावतात. मग सांगतात, "भिंतीला ताप आहे." घरवाल्यांना काय बोलावं कळत नाही. एकदा आम्ही एका क्वार्टरमध्ये मयतीला गेलो होतो. साहेब आत आले, चपला काढल्या, सरळ भिंतीपाशी गेले आणि गाल लावून डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, साहेबांना फार लागलं. मेलेल्याची बहीण उठली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "नका रडू जी. भोगून सुटला तो."

साहेब म्हणाले, "नाही, नाही. पण इथे खिडकीवर सज्जा हवा होता."

मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. तेव्हापासून मयतीला मी एकटी जाते, फर्मच्या वतीनं.

आमच्याकडे आलेलं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे शहारे. ते फॅक्टरीतून रिटायर झाले आणि खरंच आमच्याकडे आले. साहेबांनी नवा शर्ट घातला. शहारेंना घर हवं होतं, आणि समोरून वरपर्यंत काच हवी होती, नागपूरच्या दुकानांसारखी. त्यांच्या प्लॉटचं तोंड पश्चिमेला.

"फर्मचं मत विरोधात आहे," साहेब म्हणाले.

"मग फर्मले बोलवा न," शहारे म्हणाले. "मी समजावतो तिले."

साहेबांनी दोन तास समजावलं. ऊन कुठून येतं, कधी येतं, किती आत येतं. भिंत जाड हवी, खिडकी उत्तरेला हवी. शहारेंनी सगळं ऐकलं, चहा घेतला, आणि म्हणाले, "साहेब, मी जनमभर दोन खिडक्यांच्या क्वार्टरमध्ये राहिलो. मले आता रस्ता दिसला पाहिजे. रस्त्याले मी दिसलो पाहिजे."

काच ठेकेदारानं बसवली. पहिल्या उन्हाळ्यात शहारेंनी पडदे लावले. दुसऱ्या उन्हाळ्यात सगळ्या काचेवर बाहेरून ती नर्सरीत बांधतात तशी हिरवी जाळी बांधली. आता ना त्यांना रस्ता दिसतो, ना रस्त्याला ते. साहेब तिथून जाताना मान खाली घालतात. हसत नाहीत. त्यांना शहारेंचं वाईट वाटतं. मला वाटत नाही. सांगितलं होतं.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कूलरमध्ये पाणी टाकत राहावं तर पाणीच गरम. रात्री स्लॅब वरून दिवसभराचं ऊन परत करतो. म्हातारी माणसं दरवर्षी त्यात जातात आणि लोक म्हणतात, वय झालं होतं. वय झालेलं असतंच. पण तो महिना मेच असतो.

म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर साहेब डोक्याला दुपट्टा बांधतात आणि चुना, भिजवलेला डिंक, बाल्टी आणि लांब दांड्याचा झाडू घेऊन निघतात. ज्यांच्या घरी कूलरही नाही त्यांच्या छतावर चढतात आणि स्वतः चुना मारतात. पैसे घेत नाहीत. पांढऱ्या छतावरून ऊन परत जातं, एवढंच सांगतात. लोक हसतात. पोरं ओरडतात, "चुना लावणारे साहेब आले!" साहेब म्हणतात, "फर्मची हरकत नाही."

माझ्या खोलीला मी नको म्हटलं होतं. मी भाजी आणायला गेले तेवढ्यात हे चढले. मे महिन्यात खोली खरंच कमी तापली. मी त्यांना ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फळ्यावर आलं असतं.

आणि एवढं करून खुद्द साहेबांच्या घराचं छत काळं. पावसाळ्यात शेवाळ धरायचं, हिवाळ्यात ते वाळायचं आणि उन्हाळ्यात तव्यासारखं तापायचं. त्याच्याखाली साहेबांची खोली. शहारे एकदा फळ्यापाशी सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, जगाले पांढरं अन् घरी काळं, हे काय जी?"

"त्याबद्दल फर्मचं मत अजून झालेलं नाही," साहेब म्हणाले आणि आत गेले.

मला आधी वाटलं, सुतक पाळत असतील. ज्या घरी मयत झाली त्या घरी वर्षभर चुना-रंग करत नाहीत, असं पुष्कळ लोक मानतात. आमच्यात आता मानत नाहीत. माझा नवरा गेला त्याच दिवाळीला मी खोली रंगवली, भिंती खराब झाल्या होत्या. पण ज्याचं त्याचं. वर्ष झालं की लावतील म्हणून मी गप्प बसले. वर्ष झालं. दुसरंही झालं. गेल्या उन्हाळ्यात साहेब जिन्यात चक्कर येऊन बसले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "पुढच्या उन्हाळ्यात त्या खोलीत राहायचं नाही. शरीराला झेपणार नाही." साहेब म्हणाले, "फर्म विचार करेल."

फर्मनं विचार केला नाही. यंदाचा मे आला आणि साहेब त्याच खोलीत.

एका दुपारी ते जेवायला वर गेले ते खाली आलेच नाहीत. निंबार्ते ठेल्यावर होते. माझे गुडघे जिन्याला तयार नसतात, पण गेले. साहेब जमिनीवर बसले होते, पश्चिमेच्या भिंतीला गाल लावून. डोळे उघडे. अंगाला हात लावला तर चुलीसारखं अंग, आणि घामाचा थेंब नाही.

"भिंतीला ताप आहे," ते म्हणाले.

"भिंतीले नाई, तुम्हाले आहे," मी म्हटलं आणि खिडकीतून थांब्याकडे ओरडले. दुसऱ्या पाळीला निघालेली चार माणसं वर आली. त्यांची बस चुकली. त्यांनी साहेबांना चादरीत घालून खाली आणलं आणि दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर मलाच रागावले, जणू मीच ती खोली बांधली होती.

निंबार्तेंनी आंधळगावला फोन केला. तिथे साहेबांची मोठी बहीण असते, पार्वताताई. शेती करते, आवाज असा की दोन बांध पलीकडे जावा. साहेबांना घरी सोडलं त्या दिवशी ती आली, छत पाहून आली, आणि ऑफिसात त्यांच्या खाटेसमोर उभी राहिली.

"मनोहर, तू माह्यासंग चाल. कवेलूचं घर आहे, समोर कडुलिंब आहे, गार आहे. इथं कोणाची वाट पाहून राहिला तू?"

"ताई, फर्म इथे आहे."

"फर्म बसली हाये का तुह्या उशाशी पाण्याचा गिलास घेऊन?" मग तिचा आवाज थोडा खाली आला. "पुढच्या सोमवारी गाडी घेऊन येईन. छत पांढरं झालं असलं तं राहा. नसलं तं उचलून नेईन, अन् ह्या दाराले कुलूप मीच लावीन."

ती बोललेलं करते, हे साहेबांच्या तोंडावरून दिसत होतं. ती गेल्यावर मी चहा दिला. साहेब खाली ऑफिसातच खाटेवर होते, दुसऱ्या टेबलाशेजारी. तोंड सुकलेलं. मी सरळ विचारलं, "काहून नाई लावत चुना?"

"फर्मचं मत..."

"फर्म फर्म बंद करा जी. मरता मरता वाचले तुम्ही."

त्यांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. "शेवंताबाई, फर्मचा एक नियम होता. दोन्ही गभणे हो म्हटल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही. एकमत झालं तरच ते फर्मचं मत. या छताबद्दल एकमत झालं नाही. मॅडमचं म्हणणं होतं, चुना मारा. स्वस्त, सोपं, कोणालाही परवडतं. आणि फर्मचं म्हणणं..." ते अडले. पहिल्यांदाच अडलेले पाहिले. "माझं म्हणणं होतं, वेल. वर मांडव टाकायचा आणि दोडक्याचा वेल चढवायचा. सावली, भाजी, दोन्ही."

ते आपोआप बोलत होते.

"रोज संध्याकाळी वर छतावर चहा व्हायचा, आणि हेच भांडण. ती म्हणायची, तुझ्या वेलावर उंदीर येतील. मी म्हणायचो, तुझा चुना पहिल्या पावसात वाहून जाईल. ती म्हणायची, डिंक घालीन. दोघांपैकी कोणी मागे सरायचं नाही. मजा यायची. दवाखान्यात शेवटी शेवटी म्हणाली, घरी आले की आधी चुना मारते बघ. मी म्हटलं, आधी घरी तर ये, मग पाहू."

त्यांनी कप खाली ठेवला. "ते पाहायचं राहिलं."

बाहेर फॅक्टरीची बस आली, थांबली, गेली. मी दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं. मग मला रस्त्याच्या दोन्ही बाजूंची ती सगळी पांढरी छतं आठवली.

"म्हणजे गावभर मॅडमचं मत मारून आले," मी म्हटलं, "अन् घरीच अडून बसले?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

मला रडता येत नाही असं नाही, पण तेव्हा वेळ नव्हता. सोमवार येत होता. गाडी आली असती तर साहेब गेले असते, आणि आंधळगावात बहिणीच्या ओसरीवर बसून छपराचे कवेलू मोजत राहिले असते. गाडी आली नसती तर त्या खोलीत गेले असते. दोन्हीकडे जाणंच होतं.

"साहेब, मॅडम आता मत द्यायले येणार नाई," मी म्हटलं. "तुम्ही तुमचं सोडणार नाई. तं तिसरं मत धरा."

"तिसरं कोणाचं?"

"माह्यं."

"तुम्ही फर्ममध्ये नाही."

"नाई? मग फळ्यावर फर्मचं मत कोणाच्या हातानं लिहिलं जाते? ती तिरडी कोणं काढली? मयतीले फर्मकडून कोण जाते?"

साहेबांनी निवलेला चहा उचलून एक घोट घेतला.

"माह्यं मत चुना. मॅडमचंबी चुना. निंबार्ते, बाल्टी काढा."

"फर्ममध्ये एकमत लागतं," साहेब हळूच म्हणाले. "बहुमत चालत नाही."

"ते दोघं होते तोवर."

निंबार्ते कॉम्प्युटरपासून उठले आणि बाहेर जाऊन खर्रा थुंकून आले. त्यांनी बाल्टी उचलली आणि साहेबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. साहेब भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. निंबार्ते दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"डिंक आधी भिजवा. नाहीतर धरत नाही."

दोन सकाळी काम चाललं, ऊन चढायच्या आत. शहारे आले, थांब्यावरचे दोघे आले. मी जिन्यात बसून ओरडायचं काम केलं. सोमवारी पार्वताताई गाडी घेऊन आली. छतावर गेली, खोलीत जाऊन बसली, भिंतीला गाल लावला. घराण्यातच आहे ते. मग जेवली आणि रिकामी गाडी घेऊन परत गेली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. माणूस वाचला, खोली राहण्यासारखी झाली, कुलूप लागलं नाही. पण साहेब गप्प झाले. संध्याकाळी एकटेच छतावर चहा घ्यायला जायचे, ते बंद केलं. अंधार पडेपर्यंत खाली बसायचे. सकाळी बातमी सांगायचे, मी लिहायचे. मग मी विचारायचे, "फर्मचं मत?" ते हात हलवायचे. "काही नाही. रिकामं ठेवा."

कुठेतरी कचऱ्यापासून विटा केल्या. फर्मचं मत, रिकामं. वाळवंटात सोलरच्या काचेच्या पाट्यांचं शेत केलं. फर्मचं मत, रिकामं. थांब्यावर विचारायला लागले, "आजी, फर्म संपावर गेली काय?" मी म्हटलं, उन्हाळ्याची सुट्टी आहे.

साहेबांनी बाहेर गाल लावणंही सोडलं. एका घरी गेलो तर नीट खुर्चीवर बसले आणि चहा पिऊन उठले. घरवाले खूश झाले. मला बरं वाटलं नाही.

जे भांडण त्यांनी एवढी वर्षं मिटू दिलं नव्हतं, ते मी दोन बाल्ट्यांत मिटवलं होतं. मला पस्तावा झाला नाही. माणूस जिवंत होता, आणि मेलेल्या माणसाशी कोणी भांडत नाही. पण जिवंत माणसाला काहीतरी बोलायला लागतं, हेही खरं.

मृग लागायच्या आधीच्या एका संध्याकाळी मी चहा केला आणि गुडघ्यांना शिव्या देत जिना चढले. छत एवढं पांढरं होतं की डोळे मिटावे लागत होते. वरून हाक मारली, "साहेब, वर या. काहीतरी दाखवायचं आहे." ते घाबरून आले. त्यांना वाटलं, स्लॅबला तडा गेला.

"काय झालं?"

"हे बरोबर नाई झालं," मी म्हटलं. "वेल पाहिजे होता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "तुमचं मत चुना होतं."

"बदललं. दोडके बाजारात किती महाग झाले, पाहिलं का? अन् हे तं पहिल्या पावसात वाहून जाईल."

"वाहून जाणार नाही," साहेब ताठ झाले. "डिंक घातला आहे."

"डिंक कितीक टिकते?"

"टिकतो. नीट भिजवला तर दोन पावसाळे टिकतो. आणि वेल, वेल म्हणता तुम्ही, वेलाचं ओझं, ओल, पानं कुजणार, नाल्या बुजणार. आणि वेलावर उंदीर..."

तिथे ते थांबले. आपल्याच तोंडून काय निघालं ते ऐकू आलं असावं. पश्चिमेकडे ऊन खाली गेलं होतं आणि सगळीकडची छतं पांढरी दिसत होती, माझ्या खोलीचंही. ते बराच वेळ तिकडे पाहत होते. मी पाहिलं नाही. चहा निवत होता.

"उंदीर येतात," ते शेवटी हळू म्हणाले.

"मांजर पाळू," मी म्हटलं. "घ्या, चहा घ्या."

त्यांनी घेतला. मग मांजरीवर सुरू झाले. मांजर छतावर ठेवली तर तिला ऊन लागेल, तिच्यासाठी सावली करावी लागेल, सावलीसाठी मांडव, आणि मांडव टाकला की पुन्हा वेलच आला. ते स्वतःच्याच बोलण्यात अडकले आणि चिडले. मी जिना उतरेपर्यंत वरून बोलत होते.

दुसऱ्या सकाळी बातमी होती की एका मोठ्या शहरानं जुन्या इमारतींच्या छतांवर बागा करायचं ठरवलं. मी लिहिली. खडू धरून विचारलं, "फर्मचं मत?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. "लिहा. आमच्या छताबाबत मत अजून झालेलं नाही. चर्चा चालू आहे."

मी लिहिलं. तब्येत त्यांची आता अशीतशीच असते. डॉक्टर म्हणतात, पुढचा उन्हाळा पाहू. ते पाहूच. थांब्यावरचा एक नवीन माणूस फळ्यापाशी आला, वाचून हसला, मग दारावरची पाटी वाचून आणखी हसला.

"आजी, या फर्ममध्ये आहेत तरी किती जण?"

"तिघं," मी म्हटलं आणि हाताचा खडू झटकला.